हिवाळ्यातील संत्राबागेची निगा : थंडी, ताण आणि पाणी

नागपूर, काटोल, नरखेड, वरुड आणि मोर्शी या पट्ट्यातील संत्राबागाईतदारास हिवाळा हा विसाव्याचा काळ वाटतो. पावसाळ्यातील डवरणी-निंदणी संपलेली असते, आंबिया बहाराची फळे उतरत असतात आणि उन्हाळ्यातील पाण्याची चिंता अद्याप दूर असते. वस्तुतः पुढील वर्षीचे पीक येणार की नाही, आणि आले तर किती येणार, याचा निकाल याच तीन महिन्यांत लागत असतो. या काळात पाणी केव्हा तोडावे, केव्हा द्यावे आणि कडाक्याची थंडी पडल्यास काय करावे, हे तीन प्रश्न प्रत्येक बागेत उभे राहतात. त्यांची उत्तरे सर्व झाडांना एकसारखी लागू पडत नाहीत. म्हणून प्रथम कारणे समजून घ्यावीत आणि मग कृती ठरवावी, या हेतूने हा पाठ लिहिला आहे.

१. झाडाचा हिवाळा

संत्रा, मोसंबी, लिंबू ही झाडे सदाहरित आहेत. थंड देशांतील सफरचंदाप्रमाणे ती हिवाळ्यात पाने गाळून गाढ झोप घेत नाहीत. हवेचे उष्णतामान सुमारे १३ अंश सेल्सिअसच्या खाली गेले म्हणजे त्यांची वाढ जवळजवळ थांबते. जमीन थंड झाल्यामुळे मुळ्यांचे पाणी व अन्न शोषण्याचे कामही मंदावते. परंतु पाने हिरवीच असतात आणि दिवसा उन्हात अन्न तयार करीत राहतात. नवी पालवी नसल्यामुळे हे अन्न खर्च होत नाही. ते पाने, फांद्या व मुळे यांत साठून राहते. हीच झाडाची शिल्लक होय, आणि पुढील बहार याच शिलकेवर फुटतो.

थंडी आणि पाण्याचा ताण या दोन्ही गोष्टी डोळ्यांतून पालवीऐवजी कळी निघण्यास कारणीभूत होतात. शिवाय फळास गडद नारिंगी रंग येण्यासाठीही थंड रात्री लागतात. ज्या प्रदेशांत रात्री उबदार असतात तेथे संत्रे आतून पिकले तरी साल हिरवीच राहते. तेव्हा थंडी ही सर्वस्वी शत्रू नव्हे. मर्यादेतील थंडी बागेस हवीच असते. मर्यादेबाहेरील थंडीपासून मात्र बाग जपावी लागते.

२. मर्यादा कोठे आहे ?

लिंबूवर्गातील सर्व झाडे थंडीस सारखीच तोंड देत नाहीत. कागदी लिंबू सर्वांत नाजूक आहे; मोसंबी त्याहून काटक आणि संत्रा मोसंबीहूनही काटक आहे. विसावा घेत असलेले, पूर्ण वाढलेले निरोगी संत्र्याचे झाड शून्याखाली दोन-तीन अंशांपर्यंतची थंडी काही तास सहन करू शकते. परंतु त्याच झाडावरील कोवळी पालवी, कळ्या व फुले याच्या पुष्कळ आधी करपतात. फळातील रस शून्याखाली दीड ते अडीच अंशांच्या सुमारास गोठू लागतो. आणि संत्र्याचे फळ लहान व पातळ सालीचे असल्यामुळे झाड वाचले तरी फळ बिघडते.

विदर्भात इतकी थंडी सहसा पडत नाही. नागपूर येथे २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान उष्णतामान ३.५ अंश नोंदले गेले. तेथील नोंदींत इतके कमी उष्णतामान पूर्वी आढळले नव्हते. तथापि या आकड्याने निर्धास्त होऊ नये. वेधशाळेतील तापमापक जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर, लाकडी पेटीत ठेवलेला असतो. निरभ्र व शांत रात्री जमिनीलगतची हवा त्या उंचीवरील हवेपेक्षा कित्येक अंशांनी थंड असते. वेधशाळेत ४ अंश नोंदले गेले असता खोलगट शेतातील गवतावरचे दव गोठू शकते. आणि दीड-दोन फूट उंचीचे नवे कलम नेमके याच थरात उभे असते.

३. गारठा कसा साचतो ?

दिवसा जमीन उन्हाने तापते आणि रात्री ती उष्णता आकाशाकडे परत फेकते. आकाशात ढग असल्यास ते पांघरुणासारखे काम करतात. आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असेल तर जमीन वेगाने थंड होते व तिला चिकटून असलेली हवाही थंड होते. थंड हवा जड असल्यामुळे ती पाण्याप्रमाणे उताराने वाहत जाऊन नाल्याकाठी, बांधाच्या वरच्या अंगास आणि खोलगट भागात साचते. वर मात्र काही फुटांवर तुलनेने ऊबदार हवेचा थर असतो. सर्वांत कडक गारठा पहाटे, सूर्योदयाच्या सुमारास असतो.

यावरून तीन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, एकाच बागेत उंच भाग सुरक्षित व खोलगट भाग धोक्यात असू शकतो. दुसरी, उताराच्या खालच्या अंगास काटेरी झुडपांची दाट भिंत असेल तर ती थंड हवेस अडवून धरते. तेथे हवा निघून जाण्यास वाट ठेवावी. तिसरी, ओली व दबलेली जमीन दिवसा अधिक उष्णता साठविते आणि रात्री ती हळूहळू सोडते; कोरडी, नुकतीच भुसभुशीत केलेली किंवा गवताने झाकलेली जमीन असे करू शकत नाही. म्हणून थंडीची लाट येण्याच्या तोंडावर बागेत वखर-डवरा चालवू नये.

४. फ्लोरिडाचा धडा

अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांतात १८९४-९५ च्या हिवाळ्यात जे घडले ते प्रत्येक बागाईतदाराने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १८९४ च्या डिसेंबरअखेर तेथे कडक हिमतुषार पडला. फळे गेली, पाने गळाली, परंतु बहुतेक मोठी झाडे जिवंत राहिली. त्यानंतर जानेवारीत हवा उबदार झाली. झाडांत रस चढला व नवी पालवी फुटू लागली. अशा स्थितीत फेब्रुवारी १८९५ च्या पहिल्या पंधरवड्यात दुसरा तडाखा बसला. डिसेंबरच्या थंडीतून वाचलेली झाडे या वेळी साल फाटून पार बुंध्यापर्यंत मेली. कित्येक बागाईतदारांना तो मुलूख सोडून जावे लागले.

पहिल्या थंडीने जे झाड मेले नाही ते दुसऱ्या थंडीने का मेले ? कारण पहिल्या वेळी ते विसावा घेत होते आणि दुसऱ्या वेळी ते वाढीस लागले होते. आपल्याकडे तितकी थंडी पडत नसली तरी तत्त्व तेच आहे. ऑक्टोबरनंतर भरमसाट नत्र देणे, किंवा ताण घाईने डिसेंबरमध्येच तोडणे, म्हणजे कडक थंडीच्या तोंडी कोवळी पालवी व कळी उभी करणे होय.

त्या देशात हिवाळ्यापूर्वी बुंध्याभोवती डोळ्याच्या वरपर्यंत मातीची भर घालण्याची रीत होती. वरचा भाग मेला तरी कलमाचा डोळा वाचावा हा तिचा हेतू. आपल्या भारी काळ्या जमिनीत मात्र तिचे अनुकरण करू नये. ओली माती कलमाच्या सांध्यास लागून राहिल्यास डिंक्या रोगास आमंत्रण मिळते. परमुलखातील रीत घेताना तिचे कारण व आपली जमीन, दोन्ही पाहावी लागतात.

५. बागेची तीन गटांत वाटणी

हिवाळ्याच्या आरंभी बागेत फिरून झाडांचे तीन गट पाडावेत.

पहिला गट : आंबिया बहार धरावयाची निरोगी, फळावर आलेली झाडे. यांना ताण द्यावयाचा आहे.

दुसरा गट : मृग बहाराची फळे अंगावर असलेली झाडे. ही फळे फेब्रुवारी ते एप्रिलपर्यंत उतरतात. यांना ताण देऊ नये. दिल्यास फळे गळतात व उरलेली लहान राहतात. जमिनीचा मगदूर पाहून नियमित पाणी द्यावे.

तिसरा गट : चार वर्षांपर्यंतची कलमे, रोपवाटिका आणि आजारी अथवा सल वाढलेली झाडे. यांनाही ताण देऊ नये. आजारी झाडास ताण देणे म्हणजे उपाशी माणसास उपास घडविणे होय.

एकाच झाडावर आंबिया आणि मृग असे दोन्ही बहार घेण्याचा मोह पुष्कळांस होतो. एखाद्या वर्षी चार पैसे जास्त मिळतात, परंतु झाडाची शिल्लक संपते, सल वाढते आणि ऐन उमेदीतील बाग अकाली म्हातारी होते. पाण्याची खात्री उन्हाळ्याच्या अखेरपर्यंत असेल तर आंबिया, नसेल तर मृग, असा निर्णय करून एकाच बहारावर स्थिर राहावे.

६. आंबियाचा ताण

फळे उतरल्यावर प्रथम सल काढावी. वाळलेली फांदी हिरव्या भागाचा थोडा अंश घेऊन धारदार कात्रीने कापावी. पाणसोटही काढून टाकावेत. मोठ्या जखमांवर आणि बुंध्यावर जमिनीपासून तीन फूट उंचीपर्यंत बोर्डो मलम लावावे. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना व दहा लिटर पाणी हे त्याचे प्रमाण होय. मोरचूद व चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या अथवा मातीच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करावा. लोखंडी भांडे वापरू नये.

त्यानंतर ओळींच्या मधून उथळ वखरणी करावी, म्हणजे ओल लवकर उडते व तण मरते. अन्न घेणाऱ्या बहुतेक मुळ्या वरच्या दीड-दोन फुटांतच असतात. म्हणून खोल नांगरट करून त्या तोडू नयेत. हे काम नोव्हेंबरातच उरकावे.

ताणाचा काळ जमिनीवर अवलंबून असतो. हलक्या जमिनीत सुमारे ३० ते ३५ दिवस, मध्यम जमिनीत ४० ते ४५ दिवस आणि भारी जमिनीत ५० ते ६० दिवस असा अंदाज धरावा. परंतु दिवस मोजण्यापेक्षा झाड पाहावे. आरंभी पाने दुपारी मलूल होतात व सायंकाळी सावरतात. पुढे ती सकाळीही वळलेली दिसू लागतात, फिकट होतात आणि गळू लागतात. साधारण चौथा हिस्सा पाने गळाली म्हणजे ताण पुरा झाला असे समजावे. मुरमाड जमिनीत यापुढे आठवडाभर जरी दुर्लक्ष झाले तरी कोवळ्या फांद्या वाळतात. मग बहारही जातो आणि झाडही खचते.

ताणाच्या मध्येच अवकाळी पाऊस झाल्यास धीर सोडू नये. एक फूट खोलीवरील माती हातात घेऊन मुठीत दाबावी. गोळा होऊन टिकत असेल तर ओल आहे. जमीन पुन्हा सुकेपर्यंत पाणी देऊ नये व ताणाचे दिवस वाढवावेत. पाने गळून डोळे फुगलेले असतील तर मात्र पुन्हा ताण देण्याचा हट्ट धरू नये, बहार फुटू द्यावा. खोल काळ्या जमिनीत नैसर्गिक ताण बसतच नसेल तर वाढरोधक औषधाच्या फवारणीबाबत कृषि विद्यापीठाची शिफारस पाहूनच पाऊल उचलावे.

सामान्यतः जानेवारीच्या मध्यास ताण तोडावा. पहिले पाणी हलके द्यावे, तीन-चार दिवसांनी दुसरे भरपूर द्यावे. सुकलेल्या झाडास एकदम तुडुंब पाणी दिल्यास पाने व पुढे फुलेही गळतात. शेणखत, तसेच स्फुरद व पालाश यांची पूर्ण मात्रा आणि नत्राची अर्धी मात्रा या वेळी द्यावी. नत्राचा उरलेला भाग फळधारणेनंतर द्यावा. मात्रा झाडाच्या वयाप्रमाणे व माती-पान परीक्षणाप्रमाणे ठरवावी. पाणी दुहेरी आळ्याने द्यावे, म्हणजे ते बुंध्यास लागत नाही.

७. थंडीची लाट आली असता

पठारी प्रदेशात किमान उष्णतामान १० अंशांवर किंवा त्याखाली जाऊन ते नेहमीच्या मानाने साडेचार अंशांहून अधिक उतरले, किंवा ४ अंशांवर वा त्याखाली आले, म्हणजे हवामान खाते थंडीची लाट जाहीर करते. असा इशारा मिळताच पुढीलप्रमाणे वागावे.

ताणावरील झाडे : येथेच बागाईतदाराची खरी परीक्षा असते. थंडीस भिऊन पाणी सोडले तर महिनाभराचा ताण एका रात्रीत वाया जातो. न सोडावे तर झाडास इजा होईल अशी भीती वाटते. ही भीती बहुधा अनाठायी असते. ताणावरील निरोगी झाड विसावा घेत असते व विदर्भातील नेहमीची थंडी ते सहन करते. म्हणून त्याचा ताण मोडू नये. कळ्या किंवा नवी पालवी दिसू लागली असेल तरच ते झाड पुढील गटात घालावे.

मृगाची फळे असलेली व नवतीवरील झाडे : थंड रात्रीपूर्वी सायंकाळी हलके ओलित करावे. विहिरीचे पाणी पहाटेच्या हवेहून उबदार असते, आणि ओली जमीन रात्रभर उष्णता देते. ठिबक संच असल्यास पहाटेपूर्वी काही तास चालवावा. पाणी आळ्यात साचून राहू देऊ नये.

नवी कलमे व रोपवाटिका : पऱ्हाट्या, तुराट्या किंवा गवत यांचा आडोसा उत्तर, पश्चिम व वरच्या बाजूने करावा आणि आग्नेय बाजू उघडी ठेवावी, म्हणजे सकाळचे ऊन मिळते. बुंध्याभोवतीचे आच्छादन त्या रात्रींपुरते बाजूस सारावे. जमीन उघडी, ओली व दबलेली असावी. रोपवाटिकेवर सायंकाळी कापड अथवा गवती चटई पसरून सकाळी ती काढावी. कापड पानांना टेकू नये. झाकण दिवसा तसेच ठेवल्यास जमीन तापत नाही व रोपे पिवळी पडतात.

शेकोट्या : ओला कचरा जाळून धूर केला म्हणजे बाग वाचते असा समज सर्वत्र आहे. धुराचे पांघरूण जमिनीची उष्णता फारशी अडवू शकत नाही. उपयोग होतो तो मुख्यतः आगीच्या उबेचा. म्हणून एक मोठा जाळ करण्यापेक्षा खोलगट भागात व बांधालगत लहान लहान शेकोट्या अनेक ठिकाणी कराव्यात. मोठ्या जाळाची गरम हवा सरळ वर निघून जाते व तिच्या जागी बाजूची थंड हवा आत येते. शेकोट्या पहाटेच्या प्रहरात, वारा पडलेला असता, झाडापासून दूर कराव्यात. राखण करणारा माणूस हजर असावा. वारा वाहत असल्यास त्यांचा उपयोग नाही. हा उपाय लहान क्षेत्रास व थोड्या रात्रींस परवडतो, हेही ध्यानात ठेवावे.

कायमचा उपाय म्हणून उत्तर व पश्चिम बांधावर शेवरी, सुरू किंवा बांबू यांची वारारोधक रांग लावावी. मात्र उताराच्या खालच्या बाजूस हवेची वाट मोकळी ठेवावी.

८. इजा झाल्यास

गोठलेली पाने प्रथम पाणी प्यायल्यासारखी गडद दिसतात आणि दोन-चार दिवसांत करपून तपकिरी होतात. अशा वेळी लगेच कात्री घेऊन धावू नये. मेलेला व जिवंत भाग कोठे वेगळा होतो हे नवी पालवी फुटेपर्यंत कळत नाही. नखाने साल खरवडून पाहावी. आत हिरवी असल्यास फांदी जिवंत आहे. फेब्रुवारी अखेर अथवा मार्चमध्ये पालवी दिसल्यावर जिवंत भागापर्यंत छाटणी करावी व उघड्या पडलेल्या फांद्यांना चुन्याचा हात द्यावा, नाहीतर उन्हाने साल भाजते. पाने कमी झालेल्या झाडास पाणीही कमी लागते. अधिक पाणी व खत देऊन ते लवकर सावरत नाही. फळे गोठल्याचा संशय असल्यास काही फळे आडवी कापून पाहावीत. रसाच्या पाकळ्या कोरड्या व पांढुरक्या दिसल्यास माल थांबवून ठेवू नये.

९. महिनावार कामे

ऑक्टोबर : नत्र बंद. बुंध्यास बोर्डो मलम. बांधावरील वारारोधक रांगेची पाहणी.

नोव्हेंबर : गट पाडणे. आंबिया फळांची तोडणी, सल काढणे, उथळ वखरणी. भारी जमिनीत ताणास आरंभ.

डिसेंबर : मध्यम व हलक्या जमिनीत ताणास आरंभ. कलमांस आडोसे. मृगाच्या झाडांस नियमित पाणी.

जानेवारी : ताणाची लक्षणे पाहून मध्यास पहिले हलके पाणी, खते. हवामानाच्या इशाऱ्याकडे लक्ष.

फेब्रुवारी : फुले व नवती यांची राखण. कोवळ्या पालवीवर सिट्रस सिला व काळी माशी यांची पाहणी. थंडी संपताच आडोसे काढणे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस सूचना

हा विषय सांगण्यापेक्षा दाखविल्याने अधिक पटतो. दोन साधे किमान तापमापक घेऊन एक बागेच्या उंच भागात व दुसरा खोलगट भागात, जमिनीपासून दोन फूट उंचीवर टांगावा. आठ रात्रींची नोंद गावातील फलकावर लिहावी. आपल्याच शेतातील दोन आकड्यांतील फरक पाहून शेतकऱ्यास जे कळेल ते व्याख्यानाने कळणार नाही. पुढील वर्षी नवी लागवड कोठे करावी व कोठे टाळावी, याचाही निर्णय त्यावरून घेता येईल. शंका उरल्यास अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ किंवा नागपूर येथील केंद्रीय लिंबूवर्गीय फळे संशोधन संस्था यांच्याकडे विचारणा करावी.

चर्चेसाठी प्रश्न : (१) आपल्या गावातील कोणत्या बागा थंड हवेच्या वाटेत आहेत ? (२) ताणावरील झाडास थंडीच्या रात्री पाणी का देऊ नये ? (३) धूर व ऊब यांतील फरक कोणत्या प्रयोगाने दाखविता येईल ? (४) आपल्या पाण्याच्या मानाने कोणता बहार धरणे शहाणपणाचे आहे ?

संत्र्याची बाग हे एका हंगामाचे पीक नाही. ती पंधरा-वीस वर्षांची जोड आहे. शेतकरी बंधूंनो, हिवाळ्यात झाडास विसावा मिळू द्या, दुबळ्यास ताण देऊ नका आणि सबळाचा ताण भीतीपोटी मोडू नका. एवढे सांभाळले तर फेब्रुवारीत बाग फुलांनी आपले उत्तर देईल.